सुयांचा सूर्य

४ नोव्हेंबर

दैनंदिनी पुन्हा सुरू करतो आहे, कारण घटनाच तशी घडली आहे. कोपऱ्यावरचं लोकरीचं दुकान महिनाअखेर कायमचं बंद होणार. मालकिणीने, म्हणजे आम्ही सगळे जिला लोकरवाली बाई म्हणतो तिने, आज मला दुकानाचा माळा उघडून दिला. म्हणाली, "तुमचा जीव आहे या जुन्या जाहिरातींवर. हवं ते न्या. बाकीचं भंगारात."

मी लगेच माळ्यावर चढलो. कोकरू छाप लोकरीच्या एनॅमलच्या पाट्या निघाल्या. "आई विणते, थंडी पळते" असं लिहिलेल्या, कोपरेसुद्धा न उडालेल्या. रंगांचे तक्ते निघाले, प्रत्येक रंगाच्या लोकरीचा बारीकसा झुबका टाचणीने टोचलेला. पुठ्ठ्याची, पुरुषभर उंचीची, हसत विणणारी बाई निघाली. खिडकीतली बाहुली निघाली, गुलाबी गालांची, अंगात विणलेला फ्रॉक. आणि सगळ्यात मागे, गोणपाटाखाली, सुयांचा सूर्य. त्याच्याबद्दल सावकाश लिहीन.

बाईने अट एकच घातली. दुकानाच्या शेवटच्या दोन दिवसांत दर्शनी खिडकी मी सजवायची, तिच्या सासऱ्यांच्या काळात सजायची तशी. ही काय अट झाली? हे तर बक्षीस झालं.

पुठ्ठ्याची बाई घरात आणली तेव्हा बायकोने चष्मा पुसून तिला वर-खाली पाहिलं. "आणली का सवत?" म्हणाली. मग जवळ गेली आणि हसतच सुटली. "अहो, हिने सुया धरल्यात कशा बघा! अशी विणत राहिली तर स्वेटर नाही, फास तयार होईल."

मला एक टाका घालता येत नाही. मला तर ती ऐटीत विणतेय असंच वाटलं.

६ नोव्हेंबर

सूर्य. एक गोल लाकडी फळी, तिच्या मध्यभागी दिव्यासाठी भोक, आणि भोकाभोवती किरणांसारख्या विणकामाच्या सुया. लाल, मधाच्या रंगाच्या, हिरव्या, दुधाळ. आतून दिवा लागला की प्रत्येक सुईतून उजेड जात असणार. दुकानदारांना हे असे सूर्य कंपनीकडून मिळायचे. मी जुन्या मासिकांतल्या जाहिरातींत त्याचं चित्र पाहिलं होतं, खरा कधी पाहिला नव्हता. माझ्या माहितीतल्या कुणाकडेही नाही. प्रदर्शनांत भेटणाऱ्या त्या बटणवाल्याकडेही नाही!

सुया सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, आहेत. ओळखायची खूण मला ठाऊक आहे. अंगठा गरम होईपर्यंत घासायचा आणि वास घ्यायचा. कापराचा वास आला की अस्सल. आला. भपकाच आला, न घासताच. बाहुलीचा गाल घासला, तिथेही तोच वास. बाहुली आतून पोकळ, हलकी फुलासारखी. पण बाहुलीचं रंगकाम बघता ती वेगळ्या दर्जाची चीज आहे, तिला सुयांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही.

एक गोष्ट खटकली. सूर्याच्या दिव्याची वायर कात्रीने कापलेली आहे. तुटलेली नाही, कापलेली. लोकरवाल्या बाईला विचारलं तर म्हणाली, "सासऱ्यांनी कापली. एके दिवशी खिडकीतून काढला, वायर कापली आणि माळ्यावर टाकला. पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. का, ते कधी बोलले नाहीत." म्हाताऱ्यांचं काहीतरी असतं. वीज महाग झाली असेल.

९ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस बांधाबांधीत गेला. सुया एकेक करून फळीवरून उतरवल्या, क्रम चुकू नये म्हणून मागे खुणा केल्या. प्रत्येक सुई प्लास्टिकमध्ये गुंडाळली, तोंडाला चिकटपट्टी. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या. सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेच्या फटीलाही पट्टी. रंगांचे तक्तेही त्यातच. मुंगी शिरणार नाही.

ट्रंक आमच्या पलंगाखाली, हिच्या बाजूला. माझ्या बाजूला पाट्या आहेत. बाहुली वेगळी, माझ्या कपाटात.

"माझ्या डोक्याखाली भंगार ठेवा, म्हणजे मला स्वप्नंही गंजकी पडतील," ही म्हणाली. पण म्हणताना हातातली विणकामाची ओळ सोडली नाही. माझ्यासाठी बिनबाह्यांचा करडा स्वेटर चालला आहे. दर थंडीत एक असतो.

१३ नोव्हेंबर

बटणवाला आला होता. कुणी सांगितलं त्याला, देव जाणे. हा इसम जुनी बटणं गोळा करतो, पण डोळा सगळ्यांच्या सगळ्यावर. प्रदर्शनात मी एखाद्या पाटीजवळ थांबलो की हा मागे दबा धरून उभा असतो. मी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासली आहेत. तिकीट न काढलेला माणूस मला चढतानाच कळायचा. हा त्यातला आहे.

"सुयांचा सूर्य मिळाला म्हणे तुम्हाला," चहा संपायच्या आत विषयावर आला.

"मिळाला."

"कुठे ठेवलाय?"

मी कशाला सांगू? पण ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पलंगाखाली, ट्रंकेत! प्लास्टिकची दुलई पांघरून!"

बटणवाल्याने कप खाली ठेवला. "साहेब, आधी प्लास्टिक काढा. सेल्युलॉइडला हवा लागते. कोंडलं की ते आतल्या आत कुजतं. घाम सुटतो त्याला. माझी डबाभर बटणं गेली अशी, एक कुजलं आणि शेजारच्यांना घेऊन गेलं. आणि ऊब तर अजिबात नको. दिवा, शेगडी, ऊन, काही नको. भुर्रकन पेटतं ते. विझवायला वेळ देत नाही."

"मग काय करू म्हणता?"

"घराबाहेर ठेवा. माझ्याकडे मागच्या पडवीत जाळीचं कपाट आहे. हवं तर तिथे आणून ठेवा, तुम्ही रोज येऊन बघा."

आलं की नाही गाडं मुक्कामाला! जाळीचं कपाट म्हणे. मी हात जोडून त्याला दारापर्यंत पोचवला. ही मात्र म्हणाली, "चांगला माणूस वाटला. चहाचा कप स्वतः विसळून गेला."

कप विसळणारे मी खूप पाहिलेत.

१९ नोव्हेंबर

हिला दोन-तीन दिवस डोकं धरतंय. सकाळी उठते तेव्हा डोळे लाल. "पलंगाखालून कसला तरी आंबूस वास येतोय हो. घशात खवखवतं," म्हणाली. मी वाकून हुंगलं. मला कापराचाच वास आला, तोही छान. डांबराच्या गोळ्या उग्र असतात हे खरं. दोन कमी करीन.

लेकीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी नोकरीला. आईचा आवाज बसलेला ऐकून म्हणाली, "बाबा, तिला डॉक्टरकडे न्या, आणि तो तुमचा पसारा जरा आवरा." माझ्या पसाऱ्यात माझी बायको कधी आजारी पडलेली नाही. हवा बदलतेय, एवढंच.

२१ नोव्हेंबर

ट्रंक उघडली. पट्टी काढताच भपकारा आला आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. रंगांच्या तक्त्यांवरच्या टाचण्या हिरव्या-काळ्या पडल्यात. बांधल्या तेव्हा चकचकीत होत्या. लोकरीचे झुबके हात लावला की भुगा. हिची छोटी कात्री चुकून आत राहिली होती, ती अशी गंजली आहे की उघडत नाही. मधाच्या रंगाच्या सुयांवर बारीक थेंब, बोटाला चिकट.

क्षणभर बटणवाल्याचं बोलणं आठवलं. घाम सुटतो म्हणाला होता. मग लक्षात आलं, हे माळ्यावरचं दमट आहे, आता बाहेर निघतंय. इतकी वर्षं गोणपाटाखाली होतं, ओल धरणारच. उपाय सोपा. सुया पुसल्या, तेलाचा हलका हात दिला आणि प्लास्टिकचा आणखी एक थर. दमट हवा आत जाताच कामा नये.

बाहुलीचा एक गाल जरासा ओलसर वाटला. तिलाही पुसली.

कात्रीचं हिला सांगितलं नाही. नवी आणून ठेवली. तिने पकड बघूनच ओळखलं. "ही माझी नाही," म्हणाली. मी म्हटलं, हरवली. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

२४ नोव्हेंबर

आज मला जे मिळालं ते कुठल्या माळ्यावर मिळणार नाही.

खिडकीची आखणी कागदावर काढत बसलो होतो. मधोमध सूर्य, त्याखाली पुठ्ठ्याची बाई. ही पाठीमागून बघत होती. म्हणाली, "त्या बाईला नका उभी करू. विणणाऱ्या बायका येतील बघायला, त्या हसतील. सुया उलट्या धरल्यात तिने."

"मग कोणाला उभी करू? दुसरी बाई कुठून आणू?"

ती म्हणाली, "मी बसते की. खुर्ची टाका आत. दुपारी दोन तास बसेन विणत. तुमचा स्वेटर तरी संपेल."

मला आधी थट्टाच वाटली. इतकी वर्षं माझ्या छंदाला तिने नावं ठेवली. पाहुण्यांना सांगायची, यांना लोकर अंगावर चालत नाही, भिंतीवर चालते. आणि आता स्वतःहून खिडकीत बसायचं म्हणते! तिची तब्येत नरम आहे हे मला कळत होतं, तिला खोकला आहे हेही कळत होतं. पण मी नको म्हटलं नाही. मला फार आनंद झाला होता. हे इथे खरं लिहून ठेवतो.

२७ नोव्हेंबर

खिडकी म्हणजे काचेची खोलीच आहे. समोर आणि दोन्ही बाजूंना जाड काच, मागे लाकडी भिंत आणि दुकानातून आत शिरायला वाकून जावं लागेल असं छोटं दार. आज सूर्य पुन्हा जुळवून लटकवला, खुर्चीच्या पाठीमागे, डोक्याच्या जरा वर, म्हणजे समोरून बघताना किरणं तिच्या डोक्याभोवती दिसतील. वायर जोडली. जिथे कापली होती तिथे पट्टी गुंडाळली.

लोकरवाली बाई नवा पांढरा दिवा घेऊन आली. "हा लावा, तापत नाही." मी नम्रपणे परत दिला. तो उजेड सुयांतून जात नाही, सुयांवर सांडतो. जुन्या पद्धतीचा, तारेचा, मोठा पिवळा बल्ब शोधून आणला आहे. लावून पाहिला. काय सांगू! मधाच्या रंगाच्या सुया तर जिवंत वाटल्या. पाच मिनिटांत खिडकीत ऊबही झाली. हिला थंडी वाजणार नाही, ते एक बरं झालं.

सुयांना अजून घाम येतोय. पुसला. बाहुली मात्र खिडकीत ठेवणार नाही. गालाला बारीक तडा दिसतोय, आणि बटणवाल्याने तो पाहिला तर गावभर सांगत सुटेल. ती घरीच, कपाटात.

राहता राहिला चोरीचा प्रश्न. प्रदर्शन म्हटलं की गर्दी, आणि गर्दी म्हटली की बटणवाला. छोट्या दाराला कडी होती, तिला कुलूप घातलं. ही आत बसली की बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या खिशात. हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, मला काय पळवून नेणार आहेत?"

"तुला नाही गं, सुयांना."

"हो का," म्हणाली. "मग बरोबर आहे."

२९ नोव्हेंबर, दुपार

हे समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसून लिहितो आहे. घरी जाऊन लिहीन तर यातलं निम्मं निसटेल.

आभाळ भरून आलंय, त्यामुळे रस्ता करडा आणि खिडकी तेवढी पेटल्यासारखी दिसतेय. माणसं थांबतात. एका आजीने नातीला उचलून दाखवलं. ही मध्यभागी, जांभळी साडी, मांडीवर माझा स्वेटर, आणि मागे सगळ्या रंगांची किरणं. मघाशी खोकली, पण लगेच सावरली. तिचे हात बघत राहावेत असे चालतात. इतकी वर्षं घरात ते चालत होते आणि मी भिंतीवरच्या पाट्या बघत होतो.

बटणवाला आलाच. काचेला नाक लावून उभा आहे. सूर्याकडे बघतोय, हिच्याकडे नाही. आता माझ्याकडे वळून काहीतरी विचारतोय, हाताने. मी मान हलवून नाही म्हटलं. काय वाट्टेल ते विचारू दे, नाहीच.

काचेवर आतून वाफ धरलीय, पिवळसर. तिच्या श्वासाची असणार. बल्ब चांगला तापलाय. दोन तास संपले की मऊ फडक्याने पुसावी लागेल काच.

हिने विणणं थांबवलं. उठली. माझ्याकडे बघून हात हलवतेय! मीही हलवला. असं कॉलेजातल्या मुलीसारखं तिने आयुष्यात कधी

१५ डिसेंबर

वही पोलिसांनी परत दिली. बाकाखाली पडली होती म्हणे.

काय झालं ते लिहितो, कारण इथे मी खोटं लिहीत नाही.

तिच्या डोक्यामागे एक सुई पेटली आणि मग सगळा सूर्य एकदम पेटला. आवाज जवळजवळ झालाच नाही. मी अजून हात वर केलेला होता. बटणवाल्याने फुटपाथची सैल फरशी उपटली आणि काचेवर घातली. काच फुटली. आणि मी ओरडलो. "चोर! चोर!" असं ओरडलो. धावत रस्ता ओलांडला आणि तो फुटक्या काचेतून आत वाकला होता तेव्हा मागून त्याची कॉलर धरली.

किती वेळ धरली ते मला आठवत नाही. लोकरवाली बाई म्हणते, फार नाही. ती चांगली बाई आहे.

त्याने मला कोपराने ढकललं आणि हिला ओढून बाहेर काढलं. किल्ली माझ्या खिशातच होती. अजून आहे.

ही वाचली. दोन्ही हात भाजलेत, मनगटाच्या वरपर्यंत. धूर छातीत गेलाय. डॉक्टर म्हणतात बोटं हळूहळू हलतील, विणण्याचं आत्ता विचारू नका. मी विचारलंच नव्हतं, तिने विचारलं होतं. बटणवाल्याच्या दंडाला टाके पडले. मी त्याच्या घरी गेलो, दारात उभा राहिलो आणि रडलो. त्याने आत बोलावलं. मला बघवेना त्याच्याकडे, मी परत आलो.

अग्निशमन दलाचा माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, बल्बच्या उष्णतेने लागली. बल्ब नसता तर तेव्हा लागली नसती. हे मी त्याच्याकडून दोनदा ऐकून घेतलं. बल्बने लागली. पुढे अजून बरंच सांगत होता, जुन्या वस्तूंबद्दल, पण तोवर माझं लक्ष नव्हतं.

१९ डिसेंबर

हिला घरी आणलं. लेक रजा घेऊन आली आहे. तिने माझ्याशी न बोलता सगळं आवरलं. पाट्या, तक्ते, पुठ्ठ्याची बाई, रिकामी ट्रंक, सगळं टेम्पोत घालून पाठवून दिलं. मी खुर्चीत बसून बघत होतो. एकदाही हरकत घेतली नाही. जाताना पुठ्ठ्याची बाई टेम्पोतून माझ्याकडे बघून हसत होती.

"बाबा, आता घरात एकही वस्तू राहिली नाही ना?" लेकीने विचारलं.

"नाही," म्हटलं.

हिला सारखी थंडी वाजते. लेकीने हिला वेगळ्या खोलीत निजवलंय आणि तिथे हीटर लावून दिला आहे. दिवसभर चालू असतो. अर्धा स्वेटर उशाशी पडून आहे. आगीत कसा वाचला कोण जाणे, पाठ झाली आहे, पुढची बाजू नाही. आज तिने मला तो हातात घ्यायला लावला. "सुई उजव्या हातात. नाही, तशी नाही, ती तुमची पुठ्ठ्याची बाई धरायची तशी नका धरू." मी दोन टाके घातले. ती हसली, मग खोकली.

२२ डिसेंबर

बाहुली आहे. लेक आवरायला लागली त्याच्या आधीच मी ती कोटात घालून बाजूला केली होती. मला माझीच लाज वाटते, पण ती एकटीच उरली आहे. दिव्याखाली तिला मी कधीही ठेवणार नाही, हे स्वतःला वचन दिलं आहे. दिव्याचा धडा मी पुरता शिकलो.

माझ्या कपाटात ओल आहे, तिचे दोन्ही गाल आता ओले असतात. रडल्यासारखी दिसते. म्हणून आज पुसून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, पट्टी लावून, हिच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर ठेवली, चादरींमागे. हीटर त्याला लागूनच आहे, त्यामुळे तिथे अगदी कोरडं असतं. अंधारही असतो.

संध्याकाळी हिला औषध पाजत होतो. तिने तोंड फिरवून जरा हुंगलं.

"अहो, कसला वास येतोय?"

"मलमाचा गं," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.